कुणाची गाठ, कुणाचं रक्त

३ फेब्रुवारी

पुन्हा जुळलं नाही! रक्त एकाचं आणि गाठ भलत्याचीच. गेल्या आठवड्यात एक जोडी अशीच निघाली, आज दुसरी. एकदा होते ती चूक. पुन्हा पुन्हा व्हायला लागली की ते कुणाचं तरी काम असतं. पाणी कुठेतरी मुरतंय.

मोठ्या बाईंना सांगितलं. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, यंत्र तपासून घ्या. यंत्र मीच तपासलंय, कालच. प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्यापासून बाई उंटावरून शेळ्या हाकतात. यंत्राला हात लावून किती वर्षं झाली त्यांना, देव जाणे.

४ फेब्रुवारी

जेवताना माझं लक्ष नव्हतं. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर त्याला सगळं पहिल्यापासून सांगत बसले. इतकी वर्षं संसार झाला तरी मी नोकरीवर नेमकं काय करते ते त्याला धड ठाऊक नाही.

म्हटलं, पान, सुपारी, तंबाखू चघळणाऱ्यांना तोंडाचा नाहीतर घशाचा कॅन्सर होतो. सर्जन गाठ काढतो, तिचा एक तुकडा आमच्याकडे येतो. त्याच माणसाचं थोडं रक्तही येतं. रक्तात दिसतो माणूस जन्मला तसा. गाठीत दिसतं सुपारीने त्याचं काय केलं ते. दोन्ही शेजारी ठेवून गुणसूत्रांची मोडतोड किती झाली ते बघायचं, हाच आमचा अभ्यास. पण त्याआधी दोन्ही एकाच माणसाचे आहेत ना, याची खात्री हवी. त्यासाठी मी दहा जागा बघते. प्रत्येक जागी दोन शिखरं उमटतात, एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून आलेलं. शिवाय आणखी एक जागा सांगते की माणूस बाई की पुरुष. पुरुषाला एक्स आणि वाय, बाईला नुसता एक्स. सगळं जुळलं तर जोडी पुढे जाते. नाही जुळलं तर अदलाबदल झाली असं धरून जोडी बाद.

बाद करायचं कुणी ठरवलं, असं त्याने विचारलं. मी! नियम माझाच आहे, आणि चांगला नियम आहे.

तो म्हणाला, आपली जोडी लग्नाआधी तुझ्या यंत्रातून गेली नाही हे माझं नशीब. मी हसले नाही.

७ फेब्रुवारी

विचार केला. गाठ सर्जनच्या टेबलावरून माझ्या टेबलावर येईपर्यंत मधे कोण आहे? एकच माणूस. पेटीवाला.

शस्त्रक्रियागृह समोरच्या इमारतीत. तिथून बर्फाची पेटी उचलायची, अंगण ओलांडायचं, जिना चढायचा आणि पेटी आमच्याकडे द्यायची – एवढंच काम. कैक वर्षं करतो आहे. आणि गालात काय? विडा! कॅन्सरच्या गाठी वाहून आणणारा माणूस आणि तोंडात हे! पेटी टेबलावर आदळतो, मान हलवतो, चालू लागतो. बोलायला तोंड रिकामं असेल तर ना.

मला तो कधीच आवडला नाही. पण आवडनिवड वेगळी आणि पुरावा वेगळा. पुरावा मिळवायला हवा.

१२ फेब्रुवारी

मिळाला!!

पुरुष रोगी. रक्तात एक्स आणि वाय, दोन्ही ठणठणीत. गाठीत वाय नाहीच. नुसता एक्स! म्हणजे ही गाठ बाईची. आता द्या म्हणावं यंत्राला दोष.

त्याच दिवशी शस्त्रक्रियागृहात एका बाईचंही गालाचं ऑपरेशन झालं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? मोठ्या बाईंपुढे कागद ठेवला तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी चष्मा काढला.

इतका आनंद झाला मला की घरी येताना जिन्यावरून गुणगुणत उतरले. कुणा बिचाऱ्याची गाठ हरवली आहे आणि मी गाणं म्हणते आहे, हे नंतर लक्षात आलं.

१३ फेब्रुवारी

एक अडचण. त्या बाईची गाठही तपासली. ती तिच्याच रक्ताशी झकास जुळली. मग त्या पुरुषाच्या नावावर आलेली ही गाठ कुठल्या बाईची? कुणा तिसरीची? जुनी, कुठेतरी पडून राहिलेली?

आणखी एक विचित्र. दहापैकी सहा जागा वेगळ्या आहेत, पण चार अगदी सारख्या. परक्या माणसाचं इतकं जुळत नाही. हे नात्यातलं वाटतं. बहीण वगैरे. शस्त्रक्रियागृहाच्या सिस्टरला फोन करून विचारलं की या रोग्याच्या बहिणीचं कधी ऑपरेशन झालं होतं का. ती हसतच सुटली. म्हणाली, इथे एकेकाला धरून आणताना नाकी नऊ येतात, घरचे जोडीने कुठले येतात?

हसू दे. पेटीवाला काहीतरी खेळ खेळतोय आणि तो मला अजून कळलेला नाही, एवढंच.

१६ फेब्रुवारी

बैठक. मोठ्या बाई नाराज. म्हणाल्या की दुसऱ्या प्रयोगशाळांना चघळणाऱ्यांच्या गाठीत भरमसाट मोडतोड सापडते. आपले रोगी तर निम्मं आयुष्य सुपारी चघळत आलेले, मग आपल्याच गाठी इतक्या सालस कशा?

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाद केलेल्यांत काही गाठी नुसत्याच फार बिघडलेल्या नसतील ना?"

मी म्हटलं, "बिघडली म्हणून गाठ दुसऱ्या माणसाची होत नाही."

 बाईंनी पुढचा कागद उलटला. काय उत्तर होतं! घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

२० फेब्रुवारी

वहिनीचा फोन. दादाचं तोंड उघडत नाही म्हणते. गेले काही महिने घास बारीक करून खात होता, आता चमचासुद्धा आडवा जात नाही. गालात आत एक जखम आहे आणि ती भरत नाही.

फोन ठेवला आणि खुर्चीतच बसून राहिले. दादा छापखान्यात उमेदवारीला लागला तेव्हापासून त्याच्या गालात सुपारी आहे. हात शाईने भरलेले, म्हणून सकाळीच एक खांड गालात दाबून ठेवायचा, ते दुपारपर्यंत पुरायचं. मी किती भांडले! तू कॅन्सरवाली झालीस म्हणून सगळ्या जगाला कॅन्सर दिसतो तुला, असं म्हणायचा.

२२ फेब्रुवारी

दादाकडे जाऊन आले. सोडली म्हणतो सुपारी. कधी सोडली? तर झाले की बरेच दिवस. वहिनी त्याच्यामागे उभी राहून नुसती डोळे फिरवत होती. तो हात धुवायला गेल्यावर मी त्याच्या सदऱ्याचा खिसा चाचपला. तळाशी भुगा. वास घेऊन बघितला. मग तशीच बाथरूमच्या दारापर्यंत गेले आणि मूठ त्याच्या नाकासमोर धरली.

चिडला नाही. तोच खरा धक्का. चिडायचा दादा गेला कुठे?

टॉर्च लावून गालात बघितलं. उघडलं तेवढ्या फटीतून जे दिसलं ते इथे लिहीत नाही. उद्याच सर्जनकडे न्यायचं. आमच्याच.

२६ फेब्रुवारी

पकडला! रंगेहाथ!

जिन्यातल्या खिडकीतून अंगण दिसतं. पेटी निघाल्याचा फोन आला की मी तिथे जाऊन उभी राहते. आज पेटीवाला निघाला, अर्ध्यावर आला, नळाशेजारच्या बाकावर बसला. इकडेतिकडे बघितलं. पेटी उघडली! आत हात घातला! काहीतरी केलं, झाकण लावलं, तोंड पुसलं आणि निघाला. मी धावत खाली उतरले तोवर तो जिन्याशी पोचला होता. मला बघून दचकला. चोराच्या मनात चांदणं.

तिथल्या तिथे मोठ्या बाईंच्या खोलीत घेऊन गेले.

१ मार्च

चौकशी. मोठ्या बाई, सर्जन, कचेरीतला एक माणूस, मी. पेटीवाला उभा. बस म्हटलं तरी बसला नाही.

माझं सगळं तयार होतं. कुठल्या जोड्या बाद झाल्या ते सांगितलं. पुरुषाच्या नावावर आलेली वाय नसलेली गाठ सांगितली. बाक सांगितला. सर्जन दोनदा म्हणाला की आमच्याकडून डबीवर नाव बरोबर जातं. म्हणजे उरला कोण?

त्याला विचारलं, पेटी का उघडली. त्याने आधी खिडकीशी जाऊन तोंडातलं थुंकलं – चौकशीत! – आणि मग म्हणाला, "बर्फ बघायला उघडली. वितळला की ह्याच ताई शिव्या घालतात."

मी कधी शिव्या घातल्या? बोलले असेन. शिव्या नाही.

कचेरीतल्या माणसाने विचारलं, गाठी बदलून तुला काय मिळतं? पेटीवाला म्हणाला की तेच मी तुम्हाला विचारतोय. उद्धट! सर्वांसमोर!

५ मार्च

काढला त्याला. कंत्राटी होता, फार लिहापढी लागली नाही.

पण गोष्ट बाहेर फुटली. मी कुणाला काही बोललेले नाही (सिस्टरला सोडून). वॉर्डात रोग्यांचे नातेवाईक विचारत फिरताहेत, आमच्या माणसाची गाठ तरी आमच्याच माणसाची आहे ना? एका म्हातारीने तर सर्जनचा कोट धरला म्हणे. कॅन्टीनमध्ये पेटीवाला आपला राहिलेला डबा घ्यायला आला, तर चहावाला त्याच्याशी बोलला नाही. बाकावर कुणी सरकून जागा दिली नाही. गाठी बदलणारा, असं कुणीतरी मागून म्हणालं. त्याने ऐकलं. मीही ऐकलं. चहा तसाच ठेवून वर आले.

मला वाईट वाटतंय का? वाटतंय. पण त्याने करायच्या आधी विचार करायला हवा होता.

९ मार्च

दादाच्या तपासणीचा कागद आला. कॅन्सरच आहे. मला आधीपासून ठाऊक होतं, तरी कागद वाचताना अक्षरं हलायला लागली. मी रोज हेच वाचते. आजचं वाचता येईना.

१५ मार्च

नवीन पेटीवाला आला. पोरसवदा नाही, चांगला प्रौढ माणूस आहे, तोंड स्वच्छ, गाल सपाट. त्याने आणलेल्या सगळ्या जोड्या आतापर्यंत जुळल्या. एकूण एक! मोठ्या बाईंच्या टेबलावर कागद नेऊन ठेवले. काही बोलले नाही. बोलायची गरज होती का?

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, जुन्याच्या वेळीसुद्धा बहुतेक जुळतच होत्या की. आणि वर म्हणे, साप साप म्हणून भुई धोपटू नये. त्याला म्हटलं, तू त्याचं वकीलपत्र घेतलंयस का? घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने घड्याळं दुरुस्त करावीत. रात्री त्याने मुकाट्याने भांडी घासली. म्हणजे रागावला आहे.

२३ मार्च

दादाच्या ऑपरेशनचा दिवस ठरला. गाल जाईल, जबड्याचा थोडा भाग जाईल. सर्जनने समजावून सांगितलं, दादा मान हलवत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, समजलं काहीच नाही, पण माणूस सफाईदार हाताचा वाटतो.

दादा आमच्या अभ्यासात यायला तयार आहे. मीच विचारलं. आधी वाटलं विचारू नये, मग वाटलं का विचारू नये? मोठ्या बाईंनी परवानगी दिली. बाकड्यावर बसलो होतो, तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुमच्याकडे अदलाबदल होते म्हणे. माझी गाठ तू स्वतः ने. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस."

वॉर्डातली कुजबुज त्याच्याही कानावर गेली आहे. तो माणूस गेला आता, असं त्याला सांगितलं. तरी त्याने माझ्याकडून वचन घेतलं. लहानपणी मी त्याच्या गोट्या सांभाळायचे, तेव्हा घ्यायचा तसं. मला तिथेच रडू आलं. त्याने रुमाल दिला, तोही सुपारीच्या वासाचा. रडता रडता ओरडले त्याच्यावर.

२८ मार्च

पेटीवाला दिसला. बाजारात एका दुकानापुढे खोकी उतरवत होता. मला बघून त्याने पाठ फिरवली. गालात विडा नव्हता. एकदम म्हातारा दिसला.

साळसूदपणाचं सोंग असेल. नाहीतर परवडत नसेल. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेले. भाजी घ्यायची राहिली.

४ एप्रिल

आज झालं.

सकाळपासून शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी उभी. वहिनी बाकावर, पदराशी चाळा करत. नवऱ्याने दुकान बंद ठेवलं, चहा आणत राहिला. कुणीच पीत नव्हतं तरी आणत राहिला. ताकही फुंकून प्यावं म्हणून मी डबीवर दादाचं नाव आधीच स्वतःच्या हाताने लिहून आत दिलं होतं. सर्जन दाराशी आला आणि डबी त्याने माझ्या हातात ठेवली. रक्त सकाळी मीच काढून घेतलं होतं. दोन्ही पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि निघाले.

नवीन पेटीवाला सोबत येतो म्हणाला. नको म्हटलं.

पेटी जड असते हे मला माहीत नव्हतं. पट्टा खांद्याला रुततो. अंगणात ऊन मी म्हणत होतं. नळापाशी पोचले आणि भीती वाटली, बर्फ राहिला असेल का? बाकावर बसले, झाकण उघडलं, हात घालून बघितलं. होता बर्फ. मी उघडली ती वेगळी गोष्ट, माझ्या भावाची गाठ होती.

डबी हातात घेऊन बघितली मात्र. एवढासा तुकडा! घास होईल न होईल. याच्यापायी दादाचा अर्धा चेहरा गेला.

६ एप्रिल

दादा शुद्धीवर आहे. बोलता येत नाही, नाकात नळी. पाटी मागितली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं – 'गाठ माझीच ना?'

म्हटलं, तुझीच. सर्जनच्या हातातून माझ्या हातात आली आणि माझ्या हातातून यंत्रात जाईल. जगात इतकी खात्रीची गाठ दुसरी नाही.

डोळ्यांनी हसला. चेहऱ्याची एकच बाजू हलली. वहिनी बाहेर जाऊन रडली आणि मी आत बसून. मग त्याने पाटीवर लिहिलं, रडू नकोस, पाटी पुसली जाईल. काहीही लिहितो. तरी दोघंही हसलो.

८ एप्रिल

मोठ्या बाई म्हणाल्या की दादाची जोडी दुसऱ्या कुणाला वाचू द्या, तुम्हाला त्रास होईल. नाही म्हटलं. वचन दिलंय. शिवाय दुसऱ्या कुणावर भरवसा कुणी ठेवायचा?

नमुने तयार केले. उद्या यंत्रात.

१० एप्रिल

दादाच्या रक्तात एक्स आणि वाय. गाठीत वाय नाही. दहापैकी सात जागा वेगळ्या, म्हणजे दोन शिखरांतलं एक गळालेलं; परकं शिखर एकही नाही. पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. तेच आलं.

सर्जनच्या हातातून डबी माझ्या हातात आली. मधे पेटीवाला नव्हता. कुणीच नव्हतं.